जिनातली अर्ध्या तासाची झोप

मी निवृत्त झालो त्या दिवशी अमरावतीच्या आमच्या कापूस-प्रतवारीच्या कार्यालयात एक जुना कागद वाचून दाखवण्यात आला. अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीतला, टाइप केलेला, कडा पिवळ्या पडलेला. कापूस निवडणाऱ्या बायांना दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास झोपू द्यावं, त्याने निवड सुधारते आणि नव्या बाया लवकर शिकतात, ही सूचना आमच्या ग्रेडरने केली व त्याच्या देखरेखीखाली ती पारखून पाहिली गेली, असं त्यात लिहिलं होतं. ग्रेडर म्हणजे मी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले आणि खाली बसलो.

ती सूचना माझी नव्हती. ती पारख घडवून आणणारा मी नव्हतो. वयाची पंचाऐंशी उलटून गेल्यावर हे लिहायला बसलो आहे ते एवढं सांगण्यासाठी. मात्र निव्वळ कबुली म्हणून हे कुणी वाचू नये. मी कापूस कुणाजवळ शिकलो हे मला अभिमानाने सांगायचं आहे. तो अभिमान बाळगायचा हक्क मला साठ वर्षांपूर्वीच होता, आणि मी तो स्वतःच्या हाताने टाकून दिला.

माझं गाव धामणगाव रेल्वेपासून बैलगाडीने दीड तासावर. घरी काळ्या मातीचं शेत, त्यामुळे जन्मल्यापासून कापूस पाहिलेला. मॅट्रिक झालो तेव्हा थोरल्या भावाने सांगितलं की वर्षभर नोकरी करून पाहा, जमलं तर ठीक, नाही तर परत येऊन माझ्यासोबत औत धर. ओळखीने अकोल्याला जिनिंगमध्ये ग्रेडरचा मदतनीस म्हणून लागलो. जुन्या ग्रेडरची नजर अधू झाली होती. मालकांनी मला अट घातली: तीन महिन्यांनी अमरावतीला प्रतवारीची परीक्षा आहे, ती पास झालास तर राहा.

कापसाची प्रत ठरवणं म्हणजे काय ते थोडं सांगतो. मूठभर रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, घ्यायची, उजेडात तिचा रंग पाहायचा, पत्तीचा कचरा किती ते पाहायचं, मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू ओढायचं आणि धागा किती लांब, किती मजबूत, पिकलेला की कच्चा ते बोटांनी ओळखायचं. परीक्षेत निळ्या कागदात गुंडाळलेल्या वीस पुड्या समोर ठेवत. वर नाव नाही, क्रमही नाही. उघडायची, हात लावायचा आणि सांगायचं. मोजायला यंत्र नाही, पट्टी नाही.

मी शाळेत जसा अभ्यास केला तसाच इथे सुरू केला. पहिल्या दिवशी पहिली प्रत. दिवसभर तीच पाहायची, तीच ओढायची, वहीत तिचं वर्णन लिहून पाठ करायचं. दुसऱ्या दिवशी दुसरी. संध्याकाळी वाटायचं की आज पक्कं झालं. बाराव्या दिवशी म्हाताऱ्या ग्रेडरने बारा पुड्या मिसळून माझ्यापुढे टाकल्या. चार बरोबर आल्या. त्यातल्या दोन तर अंदाजाने. समोरच्या ओट्यावर कापूस निवडणाऱ्या बाया बसत, त्यांनी हे सगळं ऐकलं. एक जण दुसरीला मोठ्याने म्हणाली, "मॅट्रिकले कापूस दिसत नाई का वं?" आणि सगळा ओटा हसला.

तीस-पस्तीस बाया होत्या. कापूस यंत्रात जाण्याआधी त्यातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, आणि वाळलेली पत्ती हाताने वेगळी काढणं हे त्यांचं काम. ओट्याच्या टोकाला बसणारी त्यांची म्होरकी पन्नाशीची होती. सडपातळ, कपाळ मोकळं, बोलणं थोडं. धर्मांतराला दोन-तीन वर्षं झाली होती, आणि तिच्या घरासकट त्या ओट्यावरची निम्मी घरं बौद्ध झालेली होती. ती शाळेत कधी गेली नव्हती. पण म्हातारा ग्रेडर अडला की पुडी घेऊन तिच्याजवळ जाई, हे मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. तो तिला नावाने हाक मारी आणि ती न उठता हात पुढे करी.

त्या दिवशी जेवणाच्या भोंग्यानंतर ती माझ्या टेबलाजवळ आली.

"बाबू, तुमी पोरगी पाहाले गेले आन् एकाच पोरीकडे आठ दिवस पाहून राहिले," ती म्हणाली. "मंग दुसरी समोर आली तं फरक कसा समजन? दोघीले शेजारी बसवा ना."

मला राग आला. आता हीच मला सांगणार का कसं शिकायचं, असं मनात आलं. पण चारच पुड्या बरोबर आल्या होत्या आणि दिवस जात होते. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ गेलो.

तिच्या प्रतींची नावं वेगळी होती. पांढराशुभ्र पण ओढताच तुटणाऱ्या कापसाला ती नवरदेव म्हणे. "दिसाले लय, कामाले काई नाई." दमट, जड, फुगलेला तो जावई. लांब धाग्याचा पण ठिसूळ आणि कोरडा तो मास्तर. रंगाने जरा मळकट पण धागा सारखा, मजबूत, त्याला ती बहीण म्हणे आणि त्याला हात लावताना तिचा चेहरा बदले. सगळा ओटा याच नावांनी बोलत असे. माझ्या पुड्यांवरचे आकडे आणि तिची नावं मी जुळवून पाहिली तर एकही प्रत इकडची तिकडे नव्हती. उलट सरकारी एका आकड्यात तिच्या दोन प्रती बसत, आणि त्या दोन खरोखरच वेगळ्या होत्या.

आता तिची रीत. सकाळच्या कामातून चार प्रकारच्या चिमट्या पदरात टाकायच्या. जेवणाआधी त्या एकत्र कालवायच्या आणि डोळे मिटून एकेकीला हात लावायचा. नाव घ्यायचं नाही. मग भाकर खायची आणि ओट्यामागच्या सावलीत पोत्यांवर अर्धा तास झोपायचं. भोंगा वाजला की उठायचं आणि पाण्याचा घोट घेण्याआधी, कुणाशी बोलण्याआधी, त्याच चिमट्यांचे चार ढीग करायचे.

"पाणी कावून नाही प्यायचं?" मी विचारलं होतं. तिच्याशी बोलताना माझी घरची बोली आपोआप तोंडात येई.

"पाणी प्यालं का माणूस बोलाले लागते. बोललं का हात इसरते."

नवी बाई कामावर आली की पहिले दोन महिने तिला हे करावंच लागे. ही रीत तिने कुठून आणली ते तिने एकदा सांगितलं. तीस वर्षांत तिने शेकडो पोरी शिकताना पाहिल्या होत्या. तिच्या ध्यानात आलं होतं की जिचं तान्हं दुपारी रडतं आणि झोपू देत नाही, ती पोरगी हुशार असूनही महिना-दोन महिने मागे राहते. मग ओट्यावर तिने पाळी लावून दिली. नव्या लेकुरवाळीचं मूल दुपारी दुसरीने झुलवायचं, आईने झोपायचं. ज्या बायांचं शिकून झालं होतं त्या आपली झोप त्यासाठी आळीपाळीने सोडत. कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

पहिल्या दिवशी मी झोपलो नाही. गोदामाच्या भिंतीआड माझ्यासाठी दोन पोती टाकली होती, पण मुकादमाने पाहिलं तर काय म्हणेल या भीतीने डोळे उघडे ठेवून पडलो. भोंग्यानंतर तिने विचारलं, झोपला का. मी नाही म्हणालो. "तं मंग आज काईच नाई शिकला," ती म्हणाली आणि माझ्या चिमट्या परत मोठ्या ढिगात टाकून दिल्या. मला त्या पाहूही दिल्या नाहीत.

पुढे झोपू लागलो. सहाव्या की सातव्या दिवशी उठलो, तोंडात झोपेचा कडवटपणा तसाच, आणि समोर सोळा चिमट्या. मी विचार करायला सुरुवात केली नव्हती तोच उजवा हात एक चिमटी घेऊन डावीकडे गेला. दुसरी उजवीकडे. तिसरी हातात घेतल्यावर मला मनात मास्तर ऐकू आलं, आणि तोवर हाताने ती ठेवूनही दिली होती. सोळाच्या सोळा. आयुष्यात पुढे मला मानपत्रं मिळाली, शाली मिळाल्या. पण स्वतःचा हात आपल्याआधी शहाणा झाल्याचा तो आनंद मला परत मिळाला नाही. ती ढिगांवरून नुसती बोटं फिरवत गेली आणि म्हणाली, "पाय, तुले येते ना." त्या दिवसापासून मी तिचा तू झालो. आजूबाजूला कुणी नसलं की मी तिला मावशी म्हणू लागलो. कुणी असलं की बाई.

असं का होतं, हे मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली की सकाळभर आपण निवडतो आणि दुपारी आपलं डोकं निवडतं. दिवसभरात किती काय दिसतं, मुकादमाची शिवी, शेजारणीचं लुगडं, यंत्राचा आवाज. सगळं ठेवलं तर कापसाला जागा कुठून राहणार? झोपेत डोकं कवडी फेकतं आणि कामाचं तेवढं ठेवतं. हल्ली वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत झोपेवर लिहून येतं. झोपेत मेंदू दिवसभराचं पुन्हा चाळतो, सारखं सारख्याजवळ ठेवतो, पक्कं करतो, असं शास्त्रज्ञ सांगतात. वाचताना मला दर वेळी तोच ओटा दिसतो. आपण चाळणं पुरं होऊ देतच नाही, मध्येच उठतो आणि मग आठवत नाही म्हणून पोरांना मारतो.

अमरावतीची परीक्षा मार्केट यार्डात झाली. बडनेऱ्याला गाडी बदलून मी आदल्या दिवशी पोचलो. सोबतचे उमेदवार वह्या उघडून बसले होते. मी जेवलो आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी वीसपैकी एकोणीस पुड्या बरोबर आल्या. पहिला आलो. परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं, एवढ्या थोड्या दिवसांत कसं शिकलात? मी तोंड उघडलं तेव्हा मावशीचंच सांगणार होतो. पण आजूबाजूला व्यापारी होते, ग्रेडर होते, आमच्या गावाकडचा एक ओळखीचा होता. मॅट्रिक झालेल्या शेतकऱ्याच्या मुलाने एका मजूर बाईजवळ, त्यातही त्या वस्तीतल्या बाईजवळ, पोत्यावर झोपून विद्या घेतली, हे मला सांगवेना. मी म्हणालो, "साहेब, रात्र रात्र कंदिलाखाली बसून नमुने पाहिले." साहेबाने माझ्या पाठीवर थाप मारली.

अकोल्याला परतलो तर तिने सगळ्या ओट्याला गूळ वाटला. आपला पोट्टा पास झाला, असं प्रत्येकीला सांगत होती. कंदिलाची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. गूळ मीही खाल्ला.

पुढे दोन वर्षांत म्हातारा ग्रेडर घरी बसला आणि त्याच्या खुर्चीवर मी आलो. त्याच सुमारास बाहेरून नवे मॅनेजर आले. शिस्तीचे, हिशेबी, वाईट म्हणता येणार नाहीत असे. पहिल्याच आठवड्यात दुपारी फिरताना त्यांना ओट्यामागे ओळीने झोपलेल्या बाया दिसल्या. दुसऱ्या दिवसापासून झोप बंद. जेवण झालं की कामावर.

परिणाम महिन्याभरात दिसला. त्या हंगामात आठ नव्या पोरी लागल्या होत्या. त्यांच्या हातचा कापूस कचऱ्यासकट यंत्रात जाऊ लागला. रुईच्या गाठी घेणाऱ्या व्यापाऱ्याची तक्रार आली, मग दुसऱ्याची. मॅनेजरांनी ठरवलं की या आठ जणींना काढायचं. पोरी दूरदूरच्या होत्या, एक तर अचलपूरकडून मामीच्या घरी राहायला येऊन कामाला लागलेली. त्यांच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं असं नाही, पण त्यांचं नाव निकामी म्हणून एकदा निघालं की शहरातल्या कुठल्याच जिनात त्यांना कुणी ओट्यावर बसू देणार नव्हतं.

मावशी माझ्याकडे आली. टेबलाशी उभी राहिली. "तू साहेबाले सांग," ती म्हणाली. "तू कसा शिकला तेवढंच सांग. मी सांगतलं तं म्हणतीन बाया आळशी हायेत. तू मॅट्रिक हायेस, ग्रेडर हायेस. तुयं ऐकतीन."

पाहतो, असं मी म्हणालो. चार दिवस मी पाहतच राहिलो. पाचव्या दिवशी ती स्वतः ऑफिसात गेली. मी तिथेच बसलो होतो.

तिने साहेबांना नीट, न अडखळता सांगितलं की झोपेशिवाय नव्या पोरी शिकत नाहीत. साहेब हसले. मग ती म्हणाली की तुमचे ग्रेडर बाबूसुद्धा इथेच पोत्यावर झोपून शिकले, त्यांनाच विचारा. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "काय हो, खरं आहे का हे? हिने शिकवलं तुम्हाला?"

खोलीत टाइपिस्ट होता, दारात शिपाई होता. मी म्हणालो, "थोडंफार पाहायला मिळालं हिच्याजवळ, साहेब. बाकी अभ्यास मी रात्री कंदिलाखाली केला."

ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. साहेबांनाच म्हणाली, "व्हय साहेब. बाबू हुशार हायेत. तुमी म्हनता तसंच असन." त्या दिवसापासून मी पुन्हा तुमी झालो आणि शेवटपर्यंत तसाच राहिलो.

पण ती गेली नाही. माझ्या साक्षीवर तिने भिस्त ठेवली होती. ती साक्ष उलटली तेव्हा उभ्या उभ्या तिने दुसरा मार्ग काढला, आणि याचा मला आज विलक्षण अभिमान वाटतो. ती म्हणाली, साहेब, माझंही ऐकू नका आणि बाबूंचंही नका. आठ पोरी आहेत. चौघींना सहा दिवस दुपारी झोपू द्या, चौघींना जागं ठेवा. सातव्या दिवशी प्रत्येकीला सारखा कापूस द्या आणि निवडून झाल्यावर ढीग मांडा. कुणाचा ढीग कुठला ते मुकादमाने चिठ्ठीवर लिहून दगडाखाली ठेवावं. आणि बाबूंनी सहा दिवस ओट्याकडे फिरकू नये. सातव्या दिवशी त्यांनी यावं, हात लावावा आणि चांगला-वाईट क्रम सांगावा.

टेबलावर दोन तक्रारींची पत्रं पडली होती. "करून पाहू," साहेब म्हणाले.

सहा दिवस मी ओट्याकडे गेलो नाही. सातव्या दिवशी दुपारी आठ ढीग आणि आठ दगड. सगळ्या बाया भिंतीशी उभ्या. मी खाली बसलो तेव्हा माझ्या काय मनात होतं ते लपवत नाही. झोपलेल्या पोरींचे ढीग चांगले निघाले तर तिचं खरं आणि माझा कंदील खोटा. सगळे ढीग जवळपास सारखेच आहेत, एवढं म्हणायचा अवकाश होता. कुणालाही ते खोटं ठरवता आलं नसतं, तिच्याशिवाय.

पण कापसाला हात लागला आणि ते जमलं नाही. तिने तयार केलेला हात होता तो. पत्ती लागली की बोट थांबायचं, कवडीचा चिकटपणा लागला की थांबायचं. मी क्रम सांगत गेलो. मुकादमाने दगड उचलून चिठ्ठ्या वाचल्या. पहिले तीन ढीग झोपलेल्या पोरींचे. चौथा मात्र जागं ठेवलेल्या गटातला, अचलपूरकडच्या त्या उंच पोरीचा. झोपलेली चौथी पोरगी पाचवी आली आणि बाकीच्या तीन जागलेल्या शेवटी.

साहेब म्हणाले, मग ही चौथी कशी? ती पोरगी पदर चावत राहिली. मावशीने तिच्याकडे डोळे वटारले तेव्हा म्हणाली, "मी बसल्या बसल्या झोपत होती जी. डोये उघडे ठेवून."

ओट्यावर हशा पिकला. मुकादम जोरजोरात सांगू लागला की मी समोर होतो, ही साफ जागी होती, आणि त्याने हशा आणखी वाढला. साहेबही हसले. आठही पोरी राहिल्या आणि अर्धा तास परत मिळाला.

दोन दिवसांनी साहेबांनी मालकांना पाठवायचा कागद मला वाचायला दिला. तोच, जो पुढे अमरावतीला वाचला गेला. ते म्हणाले, निवडणाऱ्या बाईने योजना सांगितली असं मालकांना लिहिता येत नाही, तुम्ही समजून घ्या. मी म्हणालो, जी. खाली सही केली. साहेबांना दोष देत नाही. त्यांनी मला आठ-दहा दिवस आधी विचारलं होतं आणि त्यांना जे उत्तर मिळालं त्याला धरूनच तो कागद होता.

तिला शिपायाकडून कळलं. मी ओट्याजवळून जात असताना तिने थांबवलं आणि कागद वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. आमच्या ग्रेडरने हे शब्द आले तेही वाचले. तिने मान खाली घालून ऐकलं.

"झोपेचं पक्कं लिवलं हाय ना बाबू?" तिने विचारलं. "हा साहेब गेला, दुसरा आला, तरी चालन ना?"

"चालेल," मी म्हणालो.

"मंग झालं," ती म्हणाली आणि समोरच्या कापसात हात घातला. मावशी म्हणायला मी तोंड उघडलं होतं. त्या वेळी आजूबाजूला पंचवीस बाया होत्या. मी बाई म्हणालो आणि पुढे गेलो.

साठच्या दशकाच्या मध्याला मी अमरावतीला आलो आणि मग इथेच राहिलो. नव्या ग्रेडरांना शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी तिचीच रीत वापरली: मिसळलेल्या चिमट्या, मिटलेले डोळे, जेवणानंतर अर्धा तास झोप, उठल्यावर पाण्याआधी हात. पोरं मला माझ्या पाठीमागे झोपेचे मास्तर म्हणत. नापास होणारे क्वचित असत. शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याचा एक मुलगा नुसतं ऐकून आला आणि फळं निवडणाऱ्या माणसांना त्याच रीतीने शिकवू लागला. मी किती जणांना शिकवलं ते मोजलेलं नाही. ते सगळे तिचे विद्यार्थी आहेत, हे त्यांना मी सांगितलेलं नाही.

सांगितली ती कंदिलाची गोष्ट. दर तुकडीला, पहिल्या दिवशी, तुम्हीही मेहनत करा म्हणून. आणि इथे मनाचा एक खेळ सांगतो, जो मला फार उशिरा कळला. ती गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली की मला तो कंदील आठवू लागला. काचेवरची काजळी, डाव्या बाजूचा तडा, वातीचा वास, सगळं. माझ्या त्या खोलीत कंदील नव्हता. घरमालकाने विजेचा दिवा दिला होता आणि तो नऊला बंद होई. हे मला खटपट करून, तारखा जुळवून स्वतःला पटवावं लागलं. ज्या मनाने झोपेत सोळा चिमट्या निवडल्या त्याच मनाने, मी रोज त्याला खोटा कापूस दिला तर तोही इमानाने निवडून, बांधून, जपून ठेवला. त्याला काय द्यायचं ते माझ्या हाती होतं.

गेल्या वर्षी मी नातवाला घेऊन अकोल्याला गेलो. वस्ती शोधायला वेळ लागला नाही. घर पक्कं झालेलं. तिची नात बाहेर आली, साठीजवळची, शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. मी म्हणालो, तुमच्या आजीच्या जिनात मी नोकरीला होतो. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही ते मॅट्रिकवाले का?"

मी काही बोलण्याआधी तिने आत हाक मारून सुनेला बोलावलं, शेजारच्या एका म्हाताऱ्यालाही बोलावलं. हे बघा, आले ते मॅट्रिकवाले, असं सांगून मला खुर्चीवर बसवलं. आजी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ही गोष्ट सांगायची, ती म्हणाली. वस्तीतलं कुणी परीक्षेला बसलं की सांगायची. म्हातारा मध्येच आजीचा आवाज काढून म्हणाला, "मॅट्रिक झालेला पोट्टा म्या निजवून पास केला!" आणि सगळे हसले. तीन पिढ्यांना ठाऊक असलेली गोष्ट होती ती. ती नात, तिची मुलं, सगळी परीक्षेच्या आदल्या दिवशी वेळेवर झोपलेली होती, कारण आजीने एक मॅट्रिकवाला तसा पास केला होता. साठ वर्षं मी जे लपवलं ते त्या वस्तीत एकालाही नवीन नव्हतं. ते फक्त माझ्या बाजूच्या लोकांना माहीत नव्हतं.

मी मग कागदाचं सांगितलं. ऑफिसात काय बोललो तेही सांगितलं.

"तेही सांगायची आजी," ती म्हणाली.

"काय म्हणायची?"

"म्हणायची, पोट्टा भ्याला." आणि पुढे, "पण ढिगापाशी हाताने खोटं नाही केलं, असं म्हणायची. हात माझा होता म्हणायची."

माझ्या नातवाने माझा चष्मा पुसून दिला. उठताना मी त्या कागदाची प्रत तिच्यापुढे ठेवली आणि याचं मी काय करू असं विचारलं. ती म्हणाली की आमच्याकडे ठेवून काय उपयोग, आम्हाला माहीतच आहे. तुमच्याकडच्यांना सांगा.

म्हणून हे लिहिलं. त्या कागदाच्या प्रतीखाली मी माझ्या हाताने लिहिलं आहे की सूचना आणि पारख दोन्ही निवड-ओट्याच्या म्होरकीच्या होत्या, आणि ग्रेडर तिचा विद्यार्थी होता. जिथे जिथे मी शिकवलं, त्या प्रत्येक ठिकाणी ती प्रत पाठवली आहे. एका ठिकाणाहून फोन आला. माझ्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतः सत्तरीचा माणूस. त्याने विचारलं, सर, मग कंदील? मी म्हणालो, कंदील नव्हता रे, मावशी होती.

शेजारच्या खोलीत सून, नातू आणि त्याचे दोन मित्र बसले होते. मी मोठ्याने बोललो होतो.